बोट की काठ

पोळा, रात्री साडेअकरा

लेकीने राफ्टिंगच्या सहलीची, सगळ्यांनी ऑनलाइन भरायची यादी पाठवली तेव्हा मी पुरण वाटत होते. हात भरलेले, म्हणून फोन ओट्यावर ठेवून करंगळीने सरकवत वाचली. नाव, वय, वजन, पोहता येतं का, आणि शेवटचा रकाना : बोट की काठ. नऊ जणांपैकी आठांपुढे बोट. ताईंपुढेसुद्धा बोट, तो गुडघा घेऊन. माझ्यापुढे काठ.

मला विचारलं नाही. बस, एवढंच झालं. दिवसभर पोळ्या लाटल्या, दारात बैल आले त्यांना ओवाळलं, मुलांना बोजारा म्हणून पैसे दिले, आणि मनात तेच एक. विचारलं नाही.

हा सगळा घाट माझा आहे. जूनमध्ये भाच्याने कोलाडचं काढलं होतं. पुण्याहून ते सोपं, त्याचंही बरोबर. तिथल्या कुंडलिका नदीचं मला फार आवडलं होतं खरं म्हणजे. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं आणि मग नदी भरते, म्हणून तिथे सकाळीच बोटी सोडतात. वीज तयार झाली की नदीला पाणी. पण नागपूरहून आधी रात्रभर मुंबई किंवा पुणे, मग गोवा हायवेने कोलाड, आणि पाण्यावर दीड-दोन तास. ताई म्हणाल्या, एवढं जायचंच तर गंगेवर जाऊ. मग ऋषिकेश ठरलं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे राफ्टिंग बंद असतं हे मी शोधलं. भाऊबीज झाली की निघायचं हे मी ठरवलं. चौदाच्या खालच्यांना बोटीत घेत नाहीत हे बुकिंगवाल्याला मीच विचारलं, म्हणून तर धाकट्याचा वाढदिवस मोजून पाहिला, बसला बरोबर. रिझर्व्हेशन आता साठच दिवस आधी उघडतं, सोमवारी सकाळी आठला मीच बसणार आहे. नागपूर-दिल्ली, दिल्ली-हरिद्वार, तिथून पुढे पंचवीसेक किलोमीटर गाडीने. सगळं एका वहीत लिहिलेलं आहे.

ब्रह्मपुरीहून निघालं तर नऊ किलोमीटर आणि सोपं, शिवपुरीहून सोळा. मी शिवपुरी घेतलं. रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स ही तिथल्या रॅपिडची, म्हणजे खळाळत्या उतारांची नावं मला आता आपल्या बसस्टॉपसारखी पाठ आहेत. आणि मी काठावर.

पोहता येतं का याच्यापुढे माझं ‘हो’ आहे. नऊ जणांत तिघांचंच हो. मामाच्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून शिकले होते मी, आठ वर्षांची असताना.

संध्याकाळी विचारलंच. ती म्हणाली, “अगं आई, तुला नकोच असेल ना ते. आणि फोन, चपला, गाडीची किल्ली, कोणीतरी पाहिजेच ना खाली.” हे पेपर वाचत होते. वाचतच राहिले. त्यांच्यापुढे बोट आहे.

मला रडू आलं असतं, पण तेवढ्यात शेजारची लहान मुलं उद्याच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल दाखवायला आली. त्याच्या शिंगांना बेगड लावायची राहिली होती, ती मी लावून दिली. वीस वर्षं मी हेच करते आहे, असं वाटलं. सगळ्यांच्या बैलांना बेगड. कुठेही गेलं की बॅगांजवळ मी. फोटोत मी नाही, कारण फोटो मीच काढते. जाऊबाई एकदा म्हणाल्या होत्या की तुला आवडतंच ते. असो.

आता पाऊस लागलाय. अंबाझरी तलावाकडून वारा आहे. पावसाचा आवाज असा एकसारखा झाला की मी उठून मागच्या दाराची फळी पाहून येते, आजही पाहून आले. पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. २३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पडला होता. तलाव भरून वाहिला आणि नाग नदी आमच्या गल्लीतून गेली. जिला आम्ही इतकी वर्षं नाला म्हणत होतो.

तेव्हा बसले होते मी बोटीत. रबरी, फुगवलेली, कडेला दोर. जवानांनी आम्हाला खिडकीशी घेतलं. गल्ली ओळखीची, फाटकं ओळखीची, फक्त सगळं छातीएवढ्या पाण्यात, आणि कुणाचं तरी सिलिंडर तरंगत चाललेलं. पोहता येतं की नाही याचा तिथे काही संबंधच नव्हता. मी दोर धरला. रस्त्यावर उतरायची वेळ आली तर माझी मूठ उघडेना. जवान म्हणत होता, “माताजी, छोड दीजिये.” मला सोडायचंच होतं. हात ऐकत नव्हता. मग लेकीने माझी बोटं एकेक करून उघडली. करंगळीपासून सुरुवात केली तिने. सतरा वर्षांची होती. दोराचा वळ तळहातावर आठवडाभर होता.

आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. चिखल काढला, गाद्या फेकल्या, अल्बम वाळवले. काही वाळलेच नाहीत. तिने ते पाहिलं होतं हे मला माहीत होतं. ते ती इतके दिवस घेऊन बसली असेल हे मात्र लक्षात आलं नव्हतं. म्हणजे ‘काठ’ लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे फोन-चपला नसतीलच कदाचित. माझा हात असेल.

हे कळल्यावर राग गेला का? नाही गेला. थोडा कमी झाला. तिने माझ्यासाठी लिहिलंय, पण माझ्याऐवजी लिहिलंय, ते टोचतंच. मीही तिच्यासाठी असं किती ठरवलं असेल. दहावीनंतरचं ते तर आहेच. ते आज नको.

राफ्टिंगचे व्हिडिओ पाहते मी रात्री, सगळे झोपले की. गाइड आधी काठावर शिकवतो. पाय समोरच्या फुगीर आडव्या पट्टीखाली घट्ट रुतवायचे. वल्ह्याच्या टोकाची मूठ सोडायची नाही, नाहीतर ती शेजारच्याच्या दातावर बसते. पडलात तर पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने वर, उभं राहायला जायचं नाही, दगडात पाय अडकतो. हे सगळं मला येतं. पण एक गोष्ट मी चारदा मागे नेऊन ऐकली. लाट आली की लोक वल्हं सोडून दोर धरतात. गाइड सांगेपर्यंत धरू नका, म्हणतो. वल्हवत राहा. वल्हं पाण्यात असलं की त्याचाच आधार असतो, त्यानेच तोल राहतो.

त्या पहाटे माझ्या हातात वल्हं नव्हतं.

उद्या मारबत, वाईट ते गावाबाहेर न्यायची पुतळ्यांची मिरवणूक. सकाळी गर्दीत ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडतील सगळे, खोकला न्या, रोगराई न्या. मी काय न्या म्हणणार आहे ते मला माहीत आहे, पण जाईल की नाही ते माहीत नाही. ऋषिकेशला पाण्याच्या कडेला उभी राहिले आणि हात पुन्हा तसाच झाला तर? झाला तर खाली जाऊन थांबेन, गाडीत बसून जाईन जिथे बोटी लागतात तिथे. फोन सांभाळेन. फोटोही काढेन. त्यात काही वाईट नाही. पण ते तिथे, पाणी पाहून, मी म्हणेन.

आत्ता यादी पुन्हा उघडली होती. शेवटच्या रकान्याला हात लावला नाही. वजनाचा माझा रकाना कोरा आहे, बाकी सगळ्यांचा भरलेला. काठावरच्यांचं वजन लागत नाही. तिथे ६३ लिहिलं.

लिहिलं आणि त्याच ओळीत, शेवटच्या चौकोनाभोवती हिरवी चौकट आली. लेकीचं नाव तिच्यावर. तिच्या खोलीतला दिवा बंद आहे. म्हणजे अंथरुणात फोन घेऊन जागी आहे. चौकट ‘काठ’वरच थांबली आहे, हलत नाहीये.