दार लावून घ्या, वहिनी

मंगळवार, रात्री साडेदहा

आज प्रार्थनेला माणसं कमी होती. दोन कुटुंबांनी ऐनवेळी कळवलं, मुलांच्या परीक्षा आहेत म्हणून. असतीलही. पण गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर जे आलं ते सगळ्यांनीच वाचलंय. ‘काही सदनिकांमध्ये दर मंगळवारी बाहेरची माणसं जमवून धर्मप्रसार चालतो.’ नाव कुणाचं नाही, पण या सोसायटीत मंगळवारी प्रार्थना आमच्याकडेच असते. न आलेल्यांवर माझा राग नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला घरमालकाच्या एका फोनची धास्ती असते.

काल संध्याकाळी सेक्रेटरी काका स्वतः आले. चहा घेतला, आईंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाले, “वहिनी, तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नाही हो. फक्त दार लावून घेत जा. आणि त्या कामाच्या बाईंना बसवू नका. उगाच कुणी काही बोलायला नको.” सासरे रात्री दोन वाजता अत्यवस्थ झाले तेव्हा गाडी काढून याच माणसाने आम्हाला हॉस्पिटलात पोचवलं होतं. कुणी अंगावर ओरडत आलं असतं तर उत्तर देणं मला सोपं गेलं असतं. काकांसमोर मी नुसतं “बघते” म्हटलं.

आमच्या प्रार्थनेत चोरून करण्यासारखं काय असतं? आई पेटीवर बसतात. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातली दोन-तीन गीतं होतात, त्यात कवी ना. वा. टिळकांचं एखादं असतंच. मग बायबलमधलं वचन, मग विनंत्या. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या भावाचं डायलिसिस चालू असतं, कुणाच्या मुलीचं जमत नसतं. एकेकाचं नाव घेऊन देवापुढे ठेवायचं, प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि चहा. सारं मिळून तासाभरात संपतं. दार उघडं असतं कारण चपला बाहेर असतात, माणसं कामावरून मागेपुढे येतात, आणि आईंना बंद दारामागे गायची सवयच नाही. नगर जिल्ह्यात त्यांच्या वस्तीवर देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) आणि घरं लागून होती. येणारा-जाणारा ओट्यावर टेकायचा, गीत ऐकायचा आणि आपल्या वाटेने जायचा.

काका गेल्यावर हे म्हणाले, “प्रभूनेच सांगितलंय ना, खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर. मग लावू या की दार. भांडण कशाला?” मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, सहाव्या अध्यायातलं वचन आहे. मला झोप लागेना, म्हणून उठून तो अध्याय पुन्हा वाचला. प्रभू तिथे बोलतोय ते लोकांनी पाहावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल. त्यांना तो म्हणतो, आत जा. मोठेपणा मिरवायचा मोह सुटावा म्हणून ते दार आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायात दुसरं एक बंद दार आहे. प्रभू पुन्हा उठलाय आणि शिष्य कडी लावून आत बसलेत, कारण तिथे स्पष्ट लिहिलंय, भीती. प्रभू त्या बंद खोलीतही आला, त्यांना शांती दिली आणि लगेच म्हणाला, मी तुम्हाला पाठवतो. आतच बसा असं काही म्हणाला नाही. काकांनी सुचवलेलं दार यातलं कोणतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बायबलमधल्या दानीएलाचं तर उघडच आहे. तीस दिवस राजाशिवाय कुणाकडेही काही मागायचं नाही असा हुकूम निघाला. घरी जाऊन त्याने काय केलं? यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्या होत्या, तिथे दिवसातून तीन वेळा गुडघे टेकले, आधी टेकत होता तसेच. त्याने मोर्चा काढला नाही की आवाज चढवला नाही. त्यापायी त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं, आणि रविवार शाळेत आम्हाला त्या सिंहांचीच गोष्ट रंगवून सांगायचे. मला आता त्या गोष्टीत सगळ्यात जड वाटतं ते ‘आधी करत होता तसेच’.

आणि हे तर पुणं आहे. याच गावात पंडिता रमाबाईंना हेच सांगितलं गेलं होतं. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. बालविधवांना शिकवायचं, त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असा करार होता. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. सकाळी आपल्या खोलीत, आपल्या मुलीबरोबर प्रार्थना करायच्या, आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यावरून गदारोळ झाला, ‘केसरी’ने झोड उठवली, 1893 मध्ये सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांनी अंग काढून घेतलं, आणि कितीतरी पालक मुलींना घेऊन गेले. बाईंनी दार लावलं नाही. मुलींना बोलावलंही नाही, हाकललंही नाही. त्या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. त्या बाईंच्या सावलीत शिकल्या, धोंडो केशवांशी पुनर्विवाह केला आणि हिंदूच राहिल्या. उघड्या दाराची भीती वाटणाऱ्या प्रत्येकाला मला गोदूबाईंची आठवण करून द्यावीशी वाटते.

आज दार उघडंच होतं. आम्ही गायलो. पण जिन्यात पाऊल वाजलं की मान तिकडे वळायची. माझीही.

बुधवार, दुपार

रात्री एक गोष्ट लिहायची राहिली, आणि खरं तर तीच मनाला जास्त लागून आहे. कामाच्या ताईंची.

त्या आमच्याकडे भांडी-फरशी करतात. मंगळवारी त्यांचं शेवटचं काम आमचं असतं, ते आटोपलं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसतात आणि गाणी ऐकतात. जूनमध्ये त्यांच्या मुलीला मी वह्या आणि दप्तर दिलं होतं. ग्रुपवर त्याच वह्यांना ‘आमिष’ म्हटलंय. याच सोसायटीत दिवाळीला बाईंना साडी देतात, मुलांची फी भरणारीही घरं आहेत, आणि त्याला सगळे चांगुलपणा म्हणतात. आम्ही दिलं की त्यामागे डाव दिसतो. कॉलेजात असताना मला एकीने विचारलं होतं, “तुमच्या लोकांना किती पैसे मिळाले गं?” माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पदरात बहिष्कार पडला आणि गावच्या विहिरीचं पाणी तर आधीपासूनच बंद होतं. तिला हे सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही.

मला स्वतःवर आलेलं सोसायची तयारी आहे. पण माझ्या ठामपणाची किंमत दुसऱ्या बाईच्या पोटाला बसत असेल तर? म्हणून आज ताई आल्यावर ओट्यापाशी उभं राहून स्पष्टच विचारलं, कुणी काही बोललं का?

पातेलं घासता घासता म्हणाल्या, “बी विंगमधलं एक काम गेलं. त्या म्हनल्या, तिकडं बसनार असशील तर हितं नको.” केव्हा? “झाले पंधरा दिवस.” मला बोलल्या नव्हत्या. माझे डोळे भरून आले, तर मलाच समजावू लागल्या. “ताई, माजा खंडोबा माज्यापाशी हाय. मी गानी ऐकाया बसते. दिवसभरात तेवढाच येळ कुनी मला काम सांगत न्हाई. कुठं बसायचं ते मी ठरवीन की, त्या कोन?” आणि दारातून वळून म्हणाल्या, “वह्या नका दिऊ आता. मी मंगळवारी येनार.”

मी हो म्हटलं. वह्यांचं मात्र मला फार वाईट वाटतंय. भुकेल्याला जेवू घाल, उघड्याला पांघरूण घाल ही प्रभूची आज्ञा आहे, आणि शेजाऱ्यांच्या संशयापायी हात आखडता घ्यावा लागणं हा माझ्या विश्वासावर आलेला सगळ्यात मोठा दाब आहे. मंगळवारची प्रार्थना बंद करा म्हणाले असते तरी इतकं लागलं नसतं. रविवारी पाळकसाहेबांशी बोलायचं आहे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नावाने न देता, कुणाला न कळता, शाळेच्या मार्फत काही करता येईल का ते विचारीन.

बुधवार, रात्र

ह्यांनी पत्राचा मसुदा केला. पहिल्या मसुद्यात धर्मस्वातंत्र्याचं, संविधानाचं कलम 25 होतं, सर्वोच्च न्यायालयही होतं. मी म्हटलं, न्यायालय आणायचं तर 1977 चा निकालही पूर्ण सांगा. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं त्यात म्हटलंय. मला ते मान्य आहे. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो की पवित्र आत्म्याशिवाय ‘येशू प्रभू आहे’ असं कुणाला म्हणताच येत नाही. म्हणजे ते माझ्या वह्यांनी होणार नाही आणि माझ्या चहाने तर नाहीच. महाराष्ट्रात आम्ही शंभरात एकही नाही, आणि आमच्या घरातल्या तासाभराच्या गाण्याने कुणाचा धर्म बुडेल असं शेजाऱ्यांना वाटावं, याचं दुःख होतं. पण ते दुःख पत्रात कशाला?

शेवटी पत्र चार ओळींचं झालं. दर मंगळवारी सात ते आठ आमच्या घरी कौटुंबिक प्रार्थना असते. ध्वनिक्षेपक नसतो. आठनंतर पेटी वाजणार नाही. ज्याला यायचं त्याला यायला आणि ज्याला जायचं त्याला जायला मोकळीक आहे, म्हणून दार उघडं असतं. खाली दोघांच्या सह्या. आईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, माझं पण नाव घाला, पेटी मी वाजवते. त्यांची सही मराठीत, मोठी, थोडी कापरी.

मी स्वतः पत्र घेऊन खाली गेले. काकांनी उभ्यानेच वाचलं. “दार लावलं असतंत तर मला सोपं गेलं असतं,” म्हणाले. मी म्हटलं, “कळतंय मला काका. पण पुढच्या मंगळवारी तुम्ही आणि काकू या चहाला, साडेसातला आलात तरी चालेल.” ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या प्रतीवर तारीख घातली, सही केली आणि पोच माझ्या हातात दिली.