१९.५ व्होल्ट बरोबर, तरी लॅपटॉप रुसलेला

शुक्रवारी रात्री पुण्याहून नाशिकला आले आणि शनिवारी दुपारी बॅग उघडली तेव्हा कळलं की अडॅप्टर पुण्यात रूमवरच राहिलाय. बेडमागच्या बोर्डला लावलेला, मला तो डोळ्यासमोर दिसत पण होता. लॅपटॉप कंपनीचा, सोमवारपासून तीन दिवस घरून काम, आणि बॅटरी ३१ टक्के. आई म्हणाली, "त्यात काय, शेजारून आण, चार्जर सगळे सारखेच."

शेजारच्या काकूंच्या मुलाचा आणला. ब्रँड वेगळा पण पिन अगदी फिट्ट बसत होती, मी लावणारच होते तेवढ्यात बाबांनी हातातून काढून घेतला. बाबा सातपूरला कंपनीत मेंटेनन्सला होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी घरातला प्रत्येक स्विच अजून त्यांच्या ड्युटीवर आहे. लॅपटॉप उलटा करून, चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. म्हणजे गुणाकार केला की ६५ वॉट. शेजारचा १९.५ आणि २.३१, म्हणजे ४५ वॉट. "हा नको. याच्याकडून ६५ मागशील तर तापून मरेल."

मी म्हटलं, मग ९० वॉटचा मिळाला तर लॅपटॉप जळेल का? तर म्हणे नाही गं, टाकी हजार लिटरची असली तरी नळ जेवढा सोडशील तेवढंच पाणी येतं, अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत, आणि व्होल्टेज मात्र लिहिलंय तेच पाहिजे. (थोडं इकडेतिकडे, १९ आणि १९.५, बहुतेक वेळा खपून जातं. पण ते प्रयोग ऑफिसच्या लॅपटॉपवर कोण करणार.)

संध्याकाळी एम.जी. रोडला गेलो. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास, अडॅप्टर घ्यायला पाच मिनिटं. "छोटी पिन की मोठी पिन?" एवढंच विचारून दुकानदाराने ६५ वॉटचा कंपॅटिबल (म्हणजे ओरिजिनल नाही, पण त्याच मापाचा) काढून दिला, साडेसहाशे रुपये. घरी येऊन बाबांनी आधी मल्टिमीटर काढला, लाल प्रोब पिनच्या आतल्या कडेला, काळा बाहेरच्या धातूला, आणि आकडा आला १९.५२. माझ्याकडे असं बघितलं जसं काही स्वतःच बनवलाय.

लावला. लॅपटॉप चालू झाला आणि काळ्या स्क्रीनवर मेसेज, अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही. एन्टर मारून पुढे गेले तर विंडोज सुरू, प्लगचं चित्र पण दिसतंय, पण बॅटरी आपली ३१ वर बसून. बाबा म्हणाले, "व्होल्टेज बरोबर, पोलॅरिटी म्हणजे प्लस-मायनस बरोबर, मग याला अजून काय पाहिजे, आधार कार्ड?"

आणि गंमत म्हणजे तेच पाहिजे होतं! त्या पिनच्या बरोबर मधोमध सुईसारखी एक बारीक काडी असते, वीज त्यातून येतच नाही, वीज आतल्या आणि बाहेरच्या कडेवरून येते. काही ब्रँडच्या अडॅप्टरमध्ये छोटी चिप असते, ती या काडीतून लॅपटॉपला सांगते की मी इतक्या वॉटचा आहे. उत्तर आलं नाही की लॅपटॉप घाबरून चार्जिंग बंद करतो आणि प्रोसेसर पण हळू चालवतो. ही काडी वाकली किंवा तुटली तर ओरिजिनल अडॅप्टरलाही हाच मेसेज येतो, म्हणून नवीन घ्यायच्या आधी टॉर्च मारून बघा.

सोमवारी सकाळी टास्क मॅनेजर उघडलं तर स्पीड ०.७९ गिगाहर्ट्झ. एक्सेलची फाइल उघडायला लावून मी पोहे खाऊन आले तरी ती उघडतच होती. साडेअकराच्या मीटिंगमध्ये लाईट गेली, आली, परत गेली, आणि चार्ज न होणारी बॅटरी ९ टक्क्यांवर. टीममधला एकजण म्हणाला टाइप-सी ने कर ना, पण माझ्या लॅपटॉपचं टाइप-सी नुसतं डेटाचं आहे, त्याने चार्जिंग होत नाही.

जेवणाच्या सुट्टीत परत एम.जी. रोड, यावेळी लॅपटॉप घेऊन. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, मग आयडीवाला घ्या ना, आधी बोलायचं." अहो, मला माहीत असतं तर! साडेतीनशे वर देऊन दुसरा घेतला, पण तिथेच काउंटरवर लावून, बॅटरी ९ ची १० झालेली बघूनच पैसे दिले. लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर ने सुरू होणारा नंबर आहे का तेही बाबांनी वाचून घेतलं, आपल्याकडे अडॅप्टरला ती नोंदणी सक्तीची आहे.

पुढच्या शनिवारी पुण्याहून ओरिजिनल घेऊन आले. बाबांना आता तो उघडून चिप नेमकी कुठे बसवलीय ते बघायचंय, दोनदा स्क्रू ड्रायव्हर घेऊन चक्कर मारून गेले. मी तो आईच्या साड्यांच्या कपाटात ठेवलाय.