रायझर उचलण्यापूर्वी

सर्व्हरमधले कार्ड काढून पुन्हा बसवणे हे फार तर पंधरा मिनिटांचे काम आहे. त्या कार्डावर कोणकोणत्या व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक) अवलंबून आहेत हे शोधायला मात्र मी अर्धा दिवस राखून ठेवतो, आणि सहकारी त्यावरून मला चिडवतात.

याला कारण एका रात्रीचा अनुभव आहे. लिनक्सच्या केव्हीएम या सुविधेने व्हीएम चालवणाऱ्या आमच्या एका होस्टमधील, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरमधील, दहा गिगाबिटचे नेटवर्क कार्ड मधूनमधून पीसीआय बसवर (कार्डे मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गावर) चुका नोंदवत होते, म्हणून ते काढून, पुसून नीट बसवायचे ठरले. चालू व्हीएमची यादी घेतली, त्यात अकरा नावे होती. दहा व्हीएम लाइव्ह मायग्रेशनने, म्हणजे चालू अवस्थेतच, शेजारच्या होस्टवर हलवल्या. एकेकीला मिनिटसुद्धा लागले नाही, याचे मला समाधान वाटले. अकरावी हलवता येत नव्हती, कारण डिस्क जोडणारे एचबीए कार्ड तिला पासथ्रूने, म्हणजे होस्टला मध्ये न घेता, थेट दिलेले होते आणि असे उपकरण जोडलेले असताना व्हीएम सांभाळणारे लिबव्हर्ट हे सॉफ्टवेअर मायग्रेशन नाकारते. ते एचबीए नेमके नेटवर्क कार्डाच्याच रायझरवर (कार्डांचे स्लॉट असलेल्या, उचलून काढता येणाऱ्या जोडपट्टीवर) असल्यामुळे एक काढताना दुसरेही बाहेर येणारच होते. मी ती व्हीएम रीतसर बंद केली.

पाच मिनिटांत फोन खणखणू लागले. हलवलेल्या दहाही व्हीएम पिंगला (नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर देत होत्या, पण एकीतही लॉगिन होईना. त्यांच्या डिस्क-फाइली ही अकरावी व्हीएमच एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइली देण्याच्या पद्धतीने) पुरवत होती, आणि माउंट, म्हणजे त्या फाइलींची जोडणी, हार्ड (उत्तर येईपर्यंत थांबून राहणारी) असल्याने कोठेही एरर न येता प्रत्येक रीड-राइट नुसते ताटकळत राहिले होते. मायग्रेशन झटपट झाले, कारण डिस्क जागच्या जागी राहून केवळ मेमरी हलत होती. ज्या वेगावर मी खूश होतो, त्यानेच मला सावध करायला हवे होते.

आता मी कार्डाच्या पत्त्यापासून सुरुवात करतो. पीसीआय उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआय या कमांडमध्ये समजा ३बी:००.० दिसले, तर बंद असलेल्या धरून सर्व व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (त्यांची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये) होस्टडेव्हच्या, म्हणजे थेट दिलेल्या उपकरणांच्या, नोंदी तपासतो, कारण लिबव्हर्टच्या व्हर्श या कमांडच्या साध्या यादीत फक्त चालू व्हीएम दिसतात. त्याच रायझरवरच्या शेजारी कार्डांसाठीही हेच करतो. येथे एक गंमत आहे: पत्ता हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) असतो आणि नेटवर्क इंटरफेसच्या नावात तोच आकडा दशमानात येतो, त्यामुळे ३बीचे कार्ड तेथे ५९ या आकड्याने सापडते. व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा ब्रिज कोणत्या पोर्टवर बांधला आहे हे पाहताना नवखा माणूस हमखास येथे अडखळतो. त्यानंतर प्रत्येक व्हीएमची डिस्क-फाइल कोणत्या माउंटवर आहे आणि तो माउंट कोण पुरवते, हे मूळ होस्टपर्यंत मागे जाऊन लिहून काढतो. डीएनएस (नावावरून नेटवर्कवरचा पत्ता सांगणारी सेवा) देणारी व्हीएम याच होस्टवर नाही ना, तेवढेही पाहतो.

मगच होस्ट बंद करून दोन्ही पॉवर केबल काढतो, कारण बंद सर्व्हरमध्येही स्टँडबाय वीज खेळत असते. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेले किंवा नवे कार्ड वाढले, तर पीसीआय पत्ते सरकू शकतात आणि जुने एक्सएमएल भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवते. म्हणून पासथ्रूच्या व्हीएमचा ऑटोस्टार्ट आधीच बंद ठेवतो आणि पत्ते जुळल्यावर ती हाताने सुरू करतो.