ताई, एक विचारू?

मला ऑटिझम आहे. लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये काम करते. आकडे कुठे जुळत नाहीत ते मला चटकन दिसतं, पण शेजारच्या टेबलावरच्या ताई तुटक बोलल्या तर त्या माझ्यावर चिडल्या आहेत की त्यांचं डोकं दुखतंय, हे आपोआप कळत नाही.

'स्वतःला त्यांच्या जागी ठेवून बघ' असं सगळे सांगतात. मी तेही करते. वहीत दोन-तीन शक्यता लिहिते आणि मग थेट विचारते. हे विचारणंच महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे. एयाल, स्टेफेल आणि एपली या संशोधकांनी २०१८ साली २५ प्रयोगांवरचा एक अभ्यास मांडला होता. समोरच्याच्या जागी स्वतःची नुसती कल्पना केल्याने त्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येत नाही. त्याच्याशी बोलल्यावर मात्र येतं, असं त्यातून दिसलं. हे ऑटिझम नसलेल्यांनाही लागू आहे, आणि याचा मला फार आधार वाटतो.

मागे जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायची २० तारीख तोंडावर आलेली असताना ताई दिवसभर हं-हूं करत होत्या. मी विचारलं, "ताई, माझ्या कामात काही राहिलंय का?"

"नाही गं! त्या एका पार्टीचं बिल अजून २बीमध्ये दिसत नाहीये, क्रेडिट अडकलंय. आणि फास्ट लोकल चुकली तर पाळणाघरवाल्या काकू ओरडतील."

(२बी म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. बिल त्यात नसेल तर त्यावर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, मिळत नाही.) त्या लांब विरारला राहतात. पाळणाघर माझ्या वहीतल्या एकाही शक्यतेत नव्हतं.

ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, हे त्यांनी २०१२ मध्ये 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' या नावाने मांडलं. म्हणून मीही माझ्याबद्दल सांगायला लागले: मी नजर टाळते तेव्हाही ऐकतच असते, आणि तोंडी सांगितलेलं काम मेसेजवर आलं तर मला सोपं जातं. ताईंनी लगेच मान्य केलं.

साहेबांना विचारणं वेगळं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं तर जाब विचारल्यासारखं वाटतं. त्यांच्यासाठी मी चहाची वेळ गाठते, किंवा दोन ओळींचा मेसेज टाकते: "सर, रिपोर्टबद्दल नाराजी आहे का? असेल तर कुठला भाग, ते सांगाल का?" उत्तर बहुतेकदा त्याच दिवशी येतं.