व्याधाचा वर्णपट: फोकस ताऱ्यावर नको, रेषेवर करा

जानेवारीत रात्री दहानंतर व्याध (सिरियस) आणि काक्षी (मृगातला बेटेलज्यूज) हे दोन्ही तारे चांगले वर आलेले असतात. साताऱ्याहून व्याध ५५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी. ८० मिमीची दुर्बीण, मोनोक्रोम कॅमेरा आणि मिलिमीटरला १०० रेषांचं ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फाकवणारी बारीक रेघांची काच) एवढ्यावर भागतं. ग्रेटिंग सव्वा इंची फिल्टरसारखंच कॅमेऱ्याच्या नळीत आट्यांवर बसतं. चित्रात ताऱ्याचा ठिपका आणि बाजूला फाकलेला वर्णपटाचा पट्टा, दोन्ही एकदम यायला हवेत.

बहुतेकांचं बिनसतं ते फोकसला. ठिपका टोकदार झाला की काम झालं असं वाटतं. पण पट्ट्याचा फोकस किंचित वेगळ्या जागी पडतो. हायड्रोजनची एच-बीटा रेष, ४८६.१ नॅनोमीटरची, पट्ट्यावर बारीक गडद खाचेसारखी उठेपर्यंत फोकसर केसभर सरकवत राहा. ठिपका फुगला तर फुगू द्या. पट्ट्याचा सगळ्यात उजळ भाग सेन्सरच्या क्षमतेच्या पाऊण हिश्शावर ठेवा. तो क्षमतेच्या वर जाऊन कापला गेला तर रेषेची खोली खोटी येते.

माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणारा स्टँड, तारा नीट धरत नसेल तर पट्टा ताऱ्याच्या सरकण्याला काटकोनात ठेवा. मग पट्टा नुसता रुंद होतो, रेषा पुसल्या जात नाहीत. सांगलीत कृष्णाकाठी काचेवर दव धरलं की मात्र रेषा फिकट होतात. नळीला पुढे जाड पुठ्ठ्याचा लांब गळा लावाच.

ग्रेटिंग सेन्सरपासून ५० मिमीवर आणि पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा असेल तर पिक्सेलमागे ०.७५ नॅनोमीटर. म्हणजे एच-बीटा ठिपक्यापासून सुमारे ६४८ पिक्सेलवर. अंतर पट्टीने मोजण्यापेक्षा रेष शोधून उलट गणित करणं खात्रीचं. ६८७ नॅनोमीटरजवळची खाच व्याधाची नव्हे, आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनची.

आता काक्षी. हायड्रोजनच्या खाचा जवळजवळ गायब, लाल बाजूला टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे. म्हणून तिथे हायड्रोजन कमी, असं समजू नका. ह्या रेषांसाठी अणूतला इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या ऊर्जापातळीवर लागतो. व्याधाच्या सुमारे १०,००० केल्विनला तसे अणू पुरेसे असतात. काक्षीच्या ३,५०० ला जवळजवळ सगळे तळाच्या पातळीवरच. तापमान आणि रेषा यांचा हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणामुळे उलगडला, आणि तो घरच्या गच्चीवरून दिसतो याचं अप्रूप कधी संपत नाही.

व्याधावरून काक्षीकडे वळताना कॅमेरा आणि ग्रेटिंग यांना हात लावू नका. काक्षीच्या पट्ट्यात एच-बीटा धड सापडत नाही. व्याधावर घेतलेलं मोजमापच तिथे लावावं लागतं.