गटारी कुठे? मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण की बदलापूर

आमच्या ग्रुपात पाच जण आणि पाच जणांची पाच स्टेशनं. सगळी मध्य रेल्वेवर, एकाच ओळीत. कॉलेज एकच होतं, पुढे ज्याला जिथे घर परवडलं तिथे तो गेला. खरी नावं लिहिली तर कुणाच्या तरी सासूबाई हे वाचतील, म्हणून गावानेच ओळख करून देते. मी डोंबिवलीकर. ठाणेकर ही ग्रुपातली दुसरी बाई. मुलुंडकर, कल्याणकर आणि बदलापूरकर हे तिघे बाप्ये.

काय प्यायचं यावरून आमच्यात कधी वाजत नाही. वाजतं ते कुठे बसायचं यावरून. आणि आषाढ लागला की ग्रुपवर जी जुंपते, ती गटारी होईपर्यंत थांबत नाही.

माझं म्हणणं पहिल्यापासून सरळ आहे. पाच स्टेशनांत मधलं तिसरं, म्हणजे डोंबिवली. अंतराने मोजायचं तर तसं मोजा. सीएसएमटीपासून मुलुंड साधारण ३१ किलोमीटर, बदलापूर ६८. मध्य काढा. ४९ आणि काहीतरी. डोंबिवली ४८ वर. भूमितीही माझ्या बाजूने, अंकगणितही माझ्या बाजूने. यावर ठाणेकरचं ठरलेलं उत्तर, "मध्ये तर दिवा स्टेशनही लागतं. तिथे उतरून बसायचं का मग?"

ठाणेकरला वाटतं की १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, म्हणजे जगाने आजही ठाण्यालाच यायला हवं. तिच्या बोलण्यात तलावपाळी, गडकरी रंगायतन आणि मिसळ आलटूनपालटून येतात, पण बसायला मात्र ती आम्हाला घोडबंदर रोडला नेते. स्टेशनपासून तिथे जायला रिक्षावाल्याच्या पाया पडावं लागतं. आत गेलं की अंधार, उंच स्टुलं, आणि गाण्याचा आवाज असा की शेजारच्याशीही व्हॉट्सअॅपवर बोलावं. मेन्यू कार्ड मागितलं तर टेबलावरचा चौकोन स्कॅन करायला सांगतात. फुकट चखणा? नाव काढू नका. एकदा कल्याणकरने तिथल्या पोराला विचारलं, "शेंगदाणे आहेत का रे?" पोरगा आत विचारून आला आणि म्हणाला, "सर, पीनट मसाला आहे, दोनशे ऐंशी प्लस टॅक्स." कल्याणकर त्यानंतर बराच वेळ गप्प होता. माणूस मूळचा बडबड्या, त्यामुळे आम्हाला काळजीच वाटली.

मुलुंडकरचं दुखणं वेगळं. त्याच्या मते मुंबई मुलुंडला संपते आणि चेकनाक्याच्या पलीकडे राहणारे आम्ही सगळे बाहेरगावचे. तो एमएच-०३, ठाणेकर एमएच-०४, मी आणि कल्याणकर एमएच-०५. आमच्या लँडलाइनचा कोड ०२५१ आहे, यावर तो अजूनही हसतो, त्याच्या स्वतःच्या घरी लँडलाइन नसताना. ठाण्याला मात्र ०२२ मिळालं, याचा त्याला मनातून राग आहे. वर्षानुवर्षं तो "नाक्यावर टोल कोण भरणार?" म्हणून आमच्याकडे यायचं टाळायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. आम्ही त्याच दिवशी त्याचं अभिनंदन केलं. तेव्हापासून त्याच्या गाडीचा क्लच दुखतोय.

मुलुंडचा बार मात्र मला आवडतो, हे इथे लिहिते, ग्रुपवर लिहिणार नाही. गुजराती-कच्छी वस्तीचा गुण त्या बारलाही लागलाय. चखण्याला ताजं फरसाण, तळलेली मिरची, आणि मेन्यूत जैन मंचुरियन. आमच्या मागच्या टेबलावरचे एक काका व्हिस्कीबरोबर कांदा-लसूण न घातलेली पनीर चिली मागवत होते आणि वेटरला पुन्हा पुन्हा बजावत होते, "कांदा बिलकुल नही, हां." वेटरही मान डोलावत होता. नियम पाळावा तर असा.

आता कल्याण. कल्याणकरला इतिहासाचा माज आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदर होतं, दुर्गाडीवर महाराजांनी आरमाराचा पाया घातला, रेल्वे १८५४ लाच आली, जंक्शन आमचं, खिडकीतून वडा विकायचा शोध आमचा. ही गाडी एकदा सुटली की कसाऱ्यापर्यंत थांबत नाही. शेवटचा बाण माझ्यासाठी राखून ठेवलेला असतो. दोन्ही गावांची महापालिका एकच, तिचं नाव काय? कल्याण-डोंबिवली. आधी कोण? मी म्हणते, आडनाव नेहमी नंतरच येतं, आणि हाक आडनावानेच मारतात. तो म्हणतो, तुमच्या गावात साधं एक बंदरही नाही. मी म्हणते, तुझ्या बंदरात शेवटचं जहाज कधी लागलं होतं?

कल्याणचा बार त्याच्यासारखाच आहे. दिवे भगभगीत, पंखे जोरात, टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या. स्टीलच्या वाटीत उकडलेले चणे, वर कांदा-टोमॅटो आणि लिंबू, वाटी संपली की न मागता दुसरी. कलेजी फ्राय अशी की बोलणं थांबावं. फक्त तिथे आम्हा दोघींना बसायचं कुठे हा प्रश्न. दारातून आत गेलो की सगळ्या माना एकदम वळतात आणि मग तितक्याच एकदम सगळे सभ्यपणे टीव्हीकडे बघायला लागतात. मॅनेजर धावत येऊन म्हणतो, "फॅमिली वर आहे, मॅडम."

या फॅमिली रूमबद्दल कुणीतरी एकदा नीट लिहायला हवं. परमिट रूमच्या पोटात लोखंडी जिना असतो. जिन्याच्या वर बुटकं छत, एसी, आणि हातभर उंचीच्या पार्टिशनने वेगळी केलेली टेबलं. तीच क्वार्टर, तोच सोडा, तोच वेटर, पण जिना चढला की प्रत्येक गोष्टीचा भाव वीस-तीस रुपयांनी चढतो. खाली रेटकार्ड भिंतीवर, वर लॅमिनेट केलेलं. आणि फॅमिली कुणाची, ते विचारू नका. आमच्या डोंबिवलीच्या फॅमिली रूममध्ये मी आजवर एक वाढदिवस, दोन जमिनीचे सौदे आणि लग्न मोडायची एक बैठक बघितली आहे. ती बैठक पार्टिशनच्या पलीकडे चालू होती आणि आमच्या टेबलावर सगळे पापडसुद्धा आवाज न करता खात होते.

परमिट रूम हे नावही आता कुणाच्या डोक्यात शिरत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने प्यायला परवाना लागतो, आणि तो आजही लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांत, जन्माचा हजार रुपयांत. मुलुंडकरने जन्माचा काढलाय. पाकिटात आधार कार्डाच्या पुढे ठेवतो. आजवर त्याला तो कुणी मागितलेला नाही, हे त्याचं खरं दुःख आहे. वेटरला स्वतःहून दाखवून झालंय. वेटर म्हणाला, "चालेल साहेब, सोडा की पाणी?"

डोंबिवलीवर हे चौघे मिळून एकच आरोप करतात, की आमच्या गावात माणसं पितानाही व्याख्यानमालेला आल्यासारखी बसतात. आरोप अगदीच खोटा नाही. फडके रोडवर गुढीपाडव्याची शोभायात्रा बघावी, दिवाळीच्या पहाटे नटून जावं, आणि तिथे दिसलेला सद्गृहस्थ संध्याकाळी बारच्या जिन्यावर भेटला तर दोघांनीही एकमेकांना ओळखू नये, हा गावाचा अलिखित करार आहे. मला बारमध्ये माझ्या लेकीचे माजी सर भेटले. त्यांनी मेन्यू कार्ड उभं धरलं, मी ओढणी सारखी केली, आणि आम्ही दोघंही तिथे नव्हतो. पोळीभाजी केंद्राच्या शेजारी परमिट रूम, आणि दोन्हीकडची गर्दी साडेआठची. काही काकांना मी एकाच फेरीत दोन्हीकडून पार्सल नेताना बघितलंय. आमचा वेटर तर तिसरा पेग मागितला की हळूच विचारतो, "पोळ्या सांगू का आता?" असं विचारणारा वेटर घोडबंदर रोडला शोधून दाखवा.

तर २०२५ ची गटारी. त्या जुलैत पंचांग आणि सरकार दोघांनी मिळून आमची कोंडी केली. ६ तारखेला रविवार, पण आषाढी एकादशी, म्हणजे ड्राय डे. १४ तारखेला बारवाल्यांचा बंद. आधी परमिट रूमवरचा व्हॅट पाचावरून दहा टक्के केला, मग परवान्याची फी वाढवली, मग जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क, असं सगळं साठत आलं आणि त्यांनी शटर ओढलं. त्या दिवशी सोमवार होता आणि वर संकष्टी, त्यामुळे निम्म्या गिऱ्हाइकांना बंद झाल्याचं कळलंही नसेल. २४ ला अमावास्या, तीही गुरुवारी. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, म्हणजे उरले बुध, शुक्र, रवि. बुधवारी बदलापूरकरची सेकंड शिफ्ट. शुक्रवारी ठाणेकरच्या ऑफिसात कॉल. रविवारी मेगाब्लॉक.

शेवटी रविवार २० जुलै ठरला आणि बदलापूरकरने डाव टाकला. "गावठी कोंबडा सांगून ठेवलाय. तांदळाची भाकरी. या सगळे." तेवढ्यात सगळ्यांची तत्त्वं विरघळली. मुलुंडकर एकटा म्हणाला, "जुलैत बदलापूर? महालक्ष्मी एक्सप्रेस विसरलात का?" मुद्दा रास्त होता. २७ जुलै २०१९ ला ती गाडी बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारभर माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली होती. बदलापूरकर शांतपणे म्हणाला, "बोट आली तर तुला आधी बसवू. परवाना आहे ना तुझ्याकडे."

बदलापूरकरवर आम्ही सगळे एकत्र येऊन हसतो, तो आमचा राष्ट्रीय एकात्मतेचा कार्यक्रम आहे. "तिकडे मोबाइलला रोमिंग लागतं का?" वगैरे. पण एक उपकार त्याचा मान्य करावाच लागेल. लोकसभेला मुंबई, ठाणे, कल्याण, भिवंडी सगळ्यांचं मतदान २० मे २०२४ ला होतं, म्हणजे शनिवार संध्याकाळपासून ड्राय डे, सगळा ठणठणाट. उन्हाळ्याच्या सुट्टीतला शनिवार-रविवार! नेरळ-कर्जत मात्र मावळ मतदारसंघात, आणि मावळचं मतदान १३ मे लाच उरकलं होतं, म्हणजे तिथले बार उघडे. हे गणित आमच्यात एकट्या बदलापूरकरला सुचलं. नकाशावर मतदारसंघाच्या रेघा इतक्या मन लावून बघणारा मतदार आयोगालाही दुसरा मिळणार नाही. वांगणी गेली, शेलू आलं, आणि डब्यात त्याने हात जोडले. सोमवारी पहाटे रांगेत उभं राहून मत दिलेला फोटोही आधी त्याचाच आला.

वीस तारखेला बदलापूरला काय झालं ते थोडक्यात सांगते. मी डोंबिवलीहून आधी कल्याणला गेले, तिथून गाडी बदलली. मुलुंडकर ब्लॉकमुळे तासभर उशिरा आला आणि आल्याआल्या म्हणाला की हवा चांगली आहे, म्हणजे हरला. बार गावाबाहेर, अर्धा उघड्यावर, पत्र्याची शेड, दिव्यांच्या माळा, आणि मच्छर असे की अगरबत्ती टेबलागणिक एक. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, त्यामुळे आवाज घोडबंदर रोडइतकाच, फक्त फुकट. कोंबड्याला वेळ लागला. गावठी कोंबडा शिजता शिजत नाही. दोन तास चखणा म्हणून तळलेले बोंबील खाल्ले. मी रम गरम पाण्यातून घेतली. ठाणेकरने विचारलं, "भैया, क्राफ्ट बिअरमध्ये काय आहे?" वेटरने तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "ताई, थंड की कमी थंड?"

ती कमी थंड म्हणाली. बिअर चांगली होती असंही म्हणाली, पण पुढे "ठाण्यात मात्र..." सुरू झालं आणि कल्याणकरने भाकरीचा तुकडा तिच्या ताटात टाकून विषय बंद केला. रस्सा आला तेव्हा खरोखर कुणी बोललं नाही. मुलुंडकरने दोनदा मागून घेतला. बिल पाचात भागलं, आणि ते ठाण्याच्या एकट्या ठाणेकरच्या बिलापेक्षा फार जास्त नव्हतं. हे मी मोठ्याने म्हटलं, त्यामुळे परतीच्या गाडीत ती माझ्याशी कल्याणपर्यंत बोलली नाही.

श्रावण लागला तशी ग्रुपवर शांतता हवी होती. पण आमच्यात श्रावण पाळणारे दोघेच, त्यातला कल्याणकर म्हणतो की बिअर जवाची असते आणि जव होमालाही चालतात. तेव्हा पुढच्या बुधवारी कल्याण, असं त्याने एकट्यानेच जाहीर केलंय. मी पुन्हा एकदा ४८ किलोमीटरचं गणित टाकलं. ठाणेकरने त्याखाली दिव्याच्या स्टेशनचा फोटो लावला.