जुना पत्ता

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. चेहरा उतरलेला. "मॅडम, सिकलसेलचे ४० पेशंट, आणि म्युटेशन एकातही नाही." या चाळीसही मुलांना सिकलचा जीन आई आणि वडील दोघांकडून आलेला, एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट आमच्या फायलीत. शून्य येणं शक्यच नव्हतं.

"म्युटेशनची पोझिशन कुठून घेतलीस?"

एका जुन्या पेपरातून. ११ व्या क्रोमोसोमवरचं ५२,४८,२३२ वं अक्षर. आकडा बरोबरच, पण २००९ च्या संदर्भ जीनोमचा, म्हणजे माणसाच्या डीएनएच्या प्रमाण नकाशाचा. आमचा डेटा २०१३ च्या आवृत्तीवर, जीआरसीएच३८ वर बसवलेला. तिथे तेच अक्षर ५२,२७,००२ वर आहे. मधल्या दुरुस्त्यांमुळे क्रोमोसोमचा तो भाग एकवीस हजारांहून जास्त अक्षरांनी सरकला. जमीन तीच, पण जुना सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला की सातबारा काढताना जी पंचाईत होते, तीच ही.

पत्ता बदलून आयजीव्हीत, म्हणजे डीएनएचा डेटा डोळ्यांनी बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडलं. संदर्भाच्या ओळीत टी, आणि खाली रचलेल्या रीड्समध्ये (पेशंटच्या डीएनएच्या वाचलेल्या तुकड्यांत) वरपासून खालपर्यंत ए. हा जीन समोरच्या, जोडीच्या धाग्यावरून उलट्या दिशेने वाचतात (तिथे टीसमोर ए, एसमोर टी), म्हणून जीएजीचं जीटीजी होतं आणि हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. एवढ्या एका अक्षरापायी एखादं पोर हाडं दुखतात म्हणून रात्ररात्र कळवळतं. इतकी वर्षं हे शिकवतेय, तरी तो उभा रकाना समोर आला की मला बोलायला सुचत नाही.

आठवडा वाया गेला म्हणून ती खट्टू झाली होती. मग तिला माझं सांगितलं. पीएच.डी. करताना एक्सेलने माझ्या यादीतल्या सेप्ट२ जीनची परस्पर २ सप्टेंबर ही तारीख करून टाकली, आणि मला महिनाभर पत्ता नव्हता. (२०२० मध्ये त्या जीन्सची नावंच बदलली, तेव्हा मला केवढं हायसं वाटलं!) पदोन्नतीला पेपर मोजतात, असे तपासण्यात गेलेले महिने कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. बसायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी पुन्हा चालवलं. ३९ सापडले. एक नाही.

त्या एकाची नोंद बघितली: मुलगी, वय १४. डेटात मात्र वाय क्रोमोसोमची भरपूर रीड्स. म्हणजे नळी दुसऱ्याच कुणाची तरी. "मॅडम, वगळूया का हा नमुना?" पेपरापुरतं तेवढं पुरेल. पण मग त्या मुलीचं रक्त कुणाच्या नावावर गेलं? आणि हा मुलगा कोण, त्याला काय सांगितलंय?

नमुन्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवलाय. उद्या दहा वाजता हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन.